धुराडी मोजून पाहा

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळातलं घर घेतलंत, तर बॉयलरवाल्याला फोन करण्याआधी रस्त्यावर उभं राहून छपराकडे पाहा. धुराड्यांवरची नळकांडी मोजा. जितकी नळकांडी, साधारण तितक्या कोळशाच्या शेकोट्या आत होत्या.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं, हजारो माणसं दगावली. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. १९६७ ते १९७७ या काळात उत्तर समुद्रातल्या वायूसाठी घरोघरची उपकरणं बदलली गेली. शेकोट्या बुजल्या, रेडिएटर आले. भिंती मात्र त्याच राहिल्या: नऊ इंची, भरीव विटांच्या.

आज माझ्यापुढे प्रश्न आहे, गॅस की हीट पंप? पंपासाठी सरकार ७,५०० पौंड देतं. पण तो पाणी कोमट ठेवूनच परवडतो. म्हणून रेडिएटर मोठे लागतात आणि घरातली ऊब टिकावी लागते.

पुण्याहून आलेली आई इथे शाल पांघरून स्वयंपाक करते. दर पिढीनं इंधन बदललं, घर तसंच ठेवलं. मी क्रम उलटा करणार आहे: आधी माळा, फटी, खिडक्या, मग यंत्र. तुम्हीही पैसे भरण्याआधी भिंतीला हात लावून पाहा.