गावातून गेलेले आणि गावात आलेले



या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी दिली आहे. ती एकदा नजरेखालून घाला. खाप्याचे पत्ते थोडे. बाकी नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद आणि काही थेट परदेशातले. आपले गाव माणसे बाहेर पाठवणारे गाव आहे. आणि याच गावात चहाच्या टपरीवर ‘बाहेरचे लोक फार झाले बा’ हे वाक्यही ऐकू येते. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या भागात ‘मूळचा कोण’ हा प्रश्नच अवघड आहे. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. ज्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले, त्याने शेतकरी आणि कारागीर बाहेरून बोलावून इथे स्थायिक केले. पुढे भोसले आले, तेही पश्चिमेकडूनच. म्हणजे आज स्वतःला गाववाले म्हणवणाऱ्या कित्येक घराण्यांचा कोणीतरी पूर्वज कधीतरी गाठोडे घेऊन इथे उतरला होता.

कन्हानकाठच्या खाप्याला नाव मिळाले ते हातमागामुळे. नगरपालिका 1867 ची. त्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तिच्याबरोबर विलायती कापडही सोपेपणाने येऊ लागले. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडाशी हातमागाच्या लुगड्याला भावात टिकता येईना. माग एकदम बंद पडले नाहीत, पण एकेका घरातला एकेक मुलगा नागपूरची वाट धरू लागला. शहरात तोही ‘खेड्यावरून आलेला’च होता.

विणकर बाहेर जात असताना आपल्या परिसरात दुसरी माणसे येत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नागपूर जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी वाढल्या. आपल्याजवळची गुमगावची खाण आपण सारे जाणतो. पुढे सावनेरकडे कोळशाच्या खाणी आल्या. खाणीच्या चाळींत छत्तीसगडी, हिंदी, गोंडी कानावर पडू लागली. खाणीत उतरायला, वीटभट्टीवर राबायला माणसे लागत होती, म्हणून ती आली. आपला विणकर नागपूरला गेला, त्याचेही कारण याहून वेगळे नव्हते.

सीमेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 1956 पर्यंत आपण आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होतो आणि नागपूर त्याची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. तिथे मराठी बोलली जाते, सोयरिकी आजही होतात. पण तिकडून कामाला येणारा मजूर त्या तारखेपासून कागदोपत्री परप्रांतीय झाला. तो होता तिथेच राहिला, रेघ मात्र मधून गेली.

नाराजीला काहीच आधार नाही, असे मी म्हणणार नाही. ठेकेदार बाहेरून मजूर आणतो तो बहुधा कमी मजुरीत आणि जास्त तास राबवता यावे म्हणून. त्याने गावातल्या मजुराचा भाव पडतो, हे खरे. पण राग निघतो तो मजुरावर. ठेकेदाराला आपण खुर्ची देतो. मुंबईत 1966 नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध आणि 2008 मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध जे झाले, त्यातही मार बसला तो टॅक्सीवाल्याला, खानावळवाल्याला, परीक्षेला आलेल्या पोराला.

आणखी एक भेद आपण नकळत करतो. बाहेर गेलेला आपला माणूस आपल्याला नावानिशी आठवतो: अमक्याचा धाकटा, तमक्या सरांचा विद्यार्थी. आलेला मात्र ‘ते लोक’ असतो. कोकणातून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी मराठी आणि गणपती जपला, याचा आपल्याला अभिमान वाटतो. वीटभट्टीवरच्या बाईने पोराशी आपल्या बोलीत बोलले, की मात्र ‘यांना मराठी शिकायला नको का’ असे आपण म्हणतो.

2020 च्या टाळेबंदीने हा सगळा हिशेब उघडा केला. उत्तरेकडे निघालेले मजूर नागपूरवरून पायी जात होते. 8 मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे 16 मजूर मालगाडीखाली गेले. त्याच दिवसांत गडचिरोली-चंद्रपूरचे आपले लोक मिरची तोडायला गेलेले तेलंगणात अडकून पडले होते; तिथे परके ते होते. आणि राज्यातल्या कित्येक गावांनी वेशीवर लाकडे आडवी टाकून पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच पोरांना अडवले. कित्येकांना शाळेच्या खोल्यांत वेगळे ठेवले गेले. भीती बसली की गाववाला आणि बाहेरचा यांतली रेघ घरच्या उंबऱ्यापर्यंत येते, हे तेव्हा दिसले.

हे सारे आज लिहिण्याला कारण आहे. या संमेलनातून शिष्यवृत्ती निधी उभा करायचे ठरत आहे. मसुद्यात ‘स्थानिक विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द आहेत. हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण आपण सोडून गेलेल्या बाकांवर आज खाणकामगारांची, भट्टीवाल्यांची, सीमेपलीकडून आलेल्या मजुरांची मुलेही बसतात. घरी हिंदी बोलून ती शाळेत मराठीतून इतिहास लिहितात. त्यांना वगळायचे तर ‘स्थानिक’ म्हणजे कोण, हे ठरवावे लागेल. आणि त्या कसोटीला आपल्या यादीतले किती पत्ते उतरतील?

माझी विनंती एवढीच, की तो शब्द काढावा. शाळेच्या हजेरीपटावर नाव आहे, एवढी अट पुरेशी आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या परक्या गावात कोणीतरी खोली भाड्याने दिली, कोणी डबा लावून दिला, कोणी पहिली नोकरी दिली. त्यांची परतफेड त्यांच्याकडे जाऊन करता येत नाही. ती खाप्यात करता येते.