पोस्टमधले ते  आणि ## कसले असतात? मार्कडाऊनपासून वेबपान कसं तयार होतं?

फेसबुकवर एखादी लांबलचक पोस्ट वाचताना मध्येच एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिसतात. एखाद्या ओळीच्या सुरुवातीला ## अशी खूण असते. वाचणाऱ्याला वाटतं, टायपिंगची चूक असावी. पण बहुतेक वेळा तो मजकूर चॅटबॉटकडून लिहून घेतलेला असतो आणि उचलून तसाच चिकटवलेला असतो. चॅटबॉटच्या खिडकीत त्या खुणांचं रूपांतर ठळक अक्षरांत आणि शीर्षकांत होतं. फेसबुकच्या साध्या पोस्टमध्ये ते होत नाही, म्हणून तारे उघडे पडतात.

या खुणांच्या पद्धतीला मार्कडाऊन म्हणतात. ती चॅटबॉटपेक्षा बरीच जुनी आहे, आणि तिचा मूळ उद्देश होता वेबपानं लिहिणं सोपं करणं.

मार्कडाऊन म्हणजे काय?

ब्राउझरमध्ये दिसणारं प्रत्येक पान एचटीएमएल या भाषेत लिहिलेलं असतं. त्यात शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा अशा प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर कोनी कंसातला टॅग लावावा लागतो. यंत्राला ते सोयीचं आहे, पण माणसाला मजकूर टॅगांच्या गर्दीतून शोधून वाचावा लागतो.

अमेरिकेतील जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये यावर एक सोपा मार्ग काढला. साध्या ईमेलमध्ये लोक आधीपासूनच जोर देण्यासाठी शब्दाभोवती तारे टाकत आणि यादीसाठी ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ मारत. ग्रूबर यांनी याच सवयींना नियमांचं रूप दिलं. या कामात त्यांना आरन स्वार्ट्झ यांची मदत झाली. स्वार्ट्झ तेव्हा अवघे १७ वर्षांचे होते. नियमांबरोबरच ग्रूबर यांनी रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम दिला आणि आपल्या संकेतस्थळावर 'डिंगस' नावाचं एक पानही ठेवलं. डाव्या हाताने मजकूर टाका, उजव्या हाताने तयार एचटीएमएल घ्या, इतकं ते सोपं होतं. ज्या वस्तूचं नाव आठवत नाही तिला इंग्रजीत डिंगस म्हणतात, आपल्याकडच्या 'ते हे रे, काय ते' सारखं. आज अशा सेवा डझनांनी आहेत.

छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक पान करायचं असेल, तर मजकूर असा लिहिता येईल:

    # छत्रपती संभाजीनगर

    मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवलेलं शहर.

    ## काय पाहाल?

    - बीबी का मकबरा
    - पाणचक्की
    - भडकल दरवाजा
    - [वेरूळची लेणी](इथे पानाचा पत्ता)

एक # म्हणजे मुख्य शीर्षक, दोन म्हणजे उपशीर्षक. दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे म्हणजे ठळक अक्षरं. ओळीच्या सुरुवातीची रेघ म्हणजे यादीतला मुद्दा. चौकटी कंसात दिसणारा शब्द आणि लगेच साध्या कंसात पत्ता, की दुवा तयार. रोजच्या कामासाठी एवढं पुरतं. रूपांतर केलं नाही तरी हा मजकूर कुणालाही वाचता येतो, आणि मार्कडाऊन टिकून राहण्यामागे हे मोठं कारण आहे.

व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांना यातलं निम्मं आधीच येतं. तिथे ताऱ्यांमध्ये शब्द टाकला की ठळक होतो. २०२४ पासून रेघेने यादी आणि > या खुणेने अवतरणही करता येतं. घोळ एकाच ठिकाणी होतो: व्हॉट्सॲपमध्ये एक तारा म्हणजे ठळक, मार्कडाऊनमध्ये मात्र एक तारा म्हणजे तिरकं आणि दोन तारे म्हणजे ठळक. तिरकी अक्षरं मराठीत टाळलेलीच बरी. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना स्वतःची तिरकी अक्षरं नसतात, त्यामुळे ब्राउझर सरळ अक्षरंच ढकलून वाकडी करतो आणि वेलांट्या, रफार डोळ्याला खुपतात.

विकिपीडियाही हेच करतो

साध्या खुणांपासून पान बनवणारी सगळ्यात मोठी मराठी सेवा बहुतेकांनी वापरलेली आहे, फक्त तिच्या पोटात डोकावून पाहिलेलं नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातला प्रत्येक लेख आत साध्या मजकुराच्या रूपात साठवलेला असतो आणि वाचताना त्याचं वेबपान होतं. तिथल्या खुणा वेगळ्या आहेत: शीर्षकासाठी == दोन्ही बाजूंना, ठळकसाठी तीन-तीन अवतरणचिन्हं, दुसऱ्या लेखाच्या दुव्यासाठी दुहेरी चौकटी कंस. ही परंपरा मार्कडाऊनपेक्षा जुनी आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिलं विकी १९९५ मध्ये सुरू केलं, त्यातून ती आली.

मार्कडाऊनमध्ये शब्द नाहीत, फक्त चिन्हं आहेत. विकीच्या खुणांमध्ये शब्दही लागतात, आणि मराठी विकिपीडियाने ते मराठीत आणले. छायाचित्र लहान आकारात डकवायचं असेल तर 'इवलेसे' असं लिहायचं. एखाद्या जुन्या नावावरून नव्या नावाच्या पानाकडे वाचकाला पाठवायचं असेल तर अशी एकच ओळ पुरते:

    #पुनर्निर्देशन [[छत्रपती संभाजीनगर]]

नाव बदललं की काय होतं?

या शहराच्या बाबतीत ती ओळ महत्त्वाची ठरते. औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नावही बदललं. दुकानाची पाटी एकदा रंगवली की झालं. पण हॉटेल, गाइड, शिकवणीवर्ग, संस्था यांच्या संकेतस्थळांवर जुनं नाव शेकडो ठिकाणी विखुरलेलं असतं, आणि लोक शोधताना दोन्ही नावं टाइप करतात.

ज्यांचा मजकूर साध्या फाइलींमध्ये असतो, त्यांना सगळ्या फाइलींत एकदम 'शोधा आणि बदला' करता येतं. हीच माहिती चित्ररूपी पोस्टरमध्ये किंवा पीडीएफमध्ये अडकली असेल तर प्रत्येक गोष्ट नव्याने करावी लागते.

पण डोळे मिटून बदल केला तर फजिती ठरलेली. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. 'औरंगाबादला' चं 'छत्रपती संभाजीनगरला' बरोबर होतं, पण 'औरंगाबादेत' चं 'छत्रपती संभाजीनगरेत' होऊन बसतं. तिथे 'संभाजीनगरात' किंवा 'संभाजीनगरमध्ये' हवं. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचंही नाव यंत्र बदलून टाकेल. जुन्या पुस्तकाचं शीर्षक, जुन्या बातमीतलं अवतरण, फाइलीतले दुवे आणि छायाचित्रांच्या फाइलींची नावं, यांना हात लागता कामा नये. दुव्यातला शब्द बदलला की दुवा तुटतो. म्हणून 'सगळे बदला' ऐवजी एकेक ठिकाण पाहून बदलणं हाच शहाणपणा. साध्या मजकुरात तेही तासाभराचं काम असतं.

मराठी लिहिताना कुठे अडतं?

मार्कडाऊनचे नियम इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनले. मराठी मजकूर टाकल्यावर काही गमती होतात, आणि त्यांची कारणं कळली नाहीत तर दोष सेवेला दिला जातो.

सगळ्यात जास्त लोक परिच्छेदाच्या सुरुवातीला अडतात. शाळेत शिकवलेलं असतं की नवा परिच्छेद थोडी जागा सोडून सुरू करावा. मार्कडाऊनमध्ये ओळीआधी चार मोकळ्या जागा म्हणजे 'हा संगणकाचा कोड आहे' अशी खूण. मग तो परिच्छेद करड्या चौकटीत जातो आणि ओळ न मोडता पानाबाहेर पळते. परिच्छेद ओळीच्या अगदी सुरुवातीपासून लिहावा आणि दोन परिच्छेदांमध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडावी.

ओव्या, अभंग आणि पोस्टाचे पत्ते यांचं उलट होतं. एकदाच एंटर मारलं तर मार्कडाऊन ती नवी ओळ मानत नाही, मागच्या ओळीला जोडून टाकतं. चार चरणांचा अभंग सलग गद्य होतो. ओळ मोडायची असेल तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा किंवा \ अशी तिरपी रेघ द्यावी लागते. काही सेवा मात्र एका एंटरलाही नवी ओळ मानतात, त्यामुळे एकीकडे नीट दिसलेली कविता दुसरीकडे बिघडू शकते. असे फरक मिटवण्यासाठी २०१४ मध्ये 'कॉमनमार्क' नावाचं काटेकोर नियमपत्रक आलं. आज बऱ्याच सेवा ते पाळतात, पण सगळ्या नाहीत.

क्रमवार यादी फक्त इंग्रजी आकड्यांनी होते. ओळीच्या सुरुवातीला 1. लिहिलं तर यादी, १. लिहिलं तर साधा मजकूर. याचा एक अनपेक्षित फायदाही आहे. परिच्छेदाची सुरुवात इंग्रजी आकड्यांत 1983. अशी केली, म्हणजे अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत आलं ते वर्ष, तर पानावर १९८३ पासून सुरू होणारी यादी उमटते. देवनागरी आकड्यांत लिहिणारा यातून सुटतो.

प्रत्ययांचा त्रास ताऱ्यांनाही होतो. पाणचक्कीला असं लिहिलं तर ठळक होतं. पण _पाणचक्की_ला असं अधोरेषेने लिहिलं तर होत नाही, कारण शब्दाच्या पोटातली अधोरेषा कॉमनमार्क खूण मानत नाही. नावाभोवती अवतरणचिन्हं असतील, म्हणजे 'पाणचक्की'ला असं असेल, तर तारेही तसेच राहतात: शेवटच्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर आलं की ती बंद करणारी खूण धरली जात नाही. उपाय सोपा, प्रत्ययही ताऱ्यांच्या आत घ्यावा.

आणि जुने फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रकं आणि स्मरणिका अजून अनेक संस्थांच्या संगणकांवर आहेत. त्यात अक्षरं मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात इंग्रजी कळांची चिन्हं. कृतिदेवमध्ये तर चौकटी कंसाच्या जागी अर्धा ख बसवलेला आहे. असा मजकूर रूपांतर सेवेत टाकला तर अगम्य अक्षरं दिसतात, वर कंसांना दुवा समजण्याचा धोका. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि मग जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

पान लोकांपर्यंत कसं पोहोचवायचं?

डिंगससारखी सेवा फक्त रूपांतर करून देते. ते एचटीएमएल कुठे तरी ठेवावं लागतं. ठेवण्याचंही काम करणाऱ्या सेवांपैकी गिटहब पेजेस ही सर्वांत परिचित आहे. खातं उघडून 'रीडमी' नावाची मार्कडाऊन फाइल टाकायची आणि सेटिंगमध्ये पेजेस चालू करायचं, की ती फाइल वेबपान म्हणून दिसू लागते. पैसे लागत नाहीत, मात्र मोफत खात्यात मूळ फाइलीही सगळ्यांना उघड असतात.

इथे एक सेटिंग हमखास विसरलं जातं. तयार होणारं पान आपली भाषा अमेरिकन इंग्रजी असल्याचं सांगतं, कारण तसं ठरवून ठेवलेलं असतं. डोळ्यांना फरक फारसा कळत नाही. पण अंध व्यक्ती स्क्रीन रीडरवर पान ऐकतात तेव्हा त्यांचा फोन मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचण्याचा प्रयत्न करू शकतो. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणंही, जी राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयात प्रमाण मानली, भाषा मराठी सांगितली तरच उमटतात. एका ओळीत भाषेचं सांकेतिक नाव 'एमआर' असं दिलं की काम होतं.

एकदाच वापरायच्या मजकुरासाठी एवढा खटाटोप नको असेल, तर गुगल डॉक्समध्येही २०२४ पासून मार्कडाऊन चिकटवता येतं आणि तिथून मार्कडाऊन फाइल उतरवूनही घेता येते. चॅटबॉटचं उत्तर फेसबुकवर टाकण्याआधी तारे पुसायचे असतील, तर ते तिथे चिकटवून, रूपांतर होऊ देऊन, पुन्हा उचलणं हा झटपट मार्ग आहे.

ऑनलाइन रूपांतर सेवांपैकी काही सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये करतात, काही मात्र मजकूर आपल्या सर्व्हरवर पाठवतात, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. पर्यटनाच्या पानाला त्याने काही बिघडत नाही. सोसायटीच्या सभासदांची फोन नंबरांसह यादी, विद्यार्थ्यांचे गुण किंवा रुग्णांची माहिती मात्र अनोळखी सेवेत चिकटवू नये. त्यासाठी 'पॅनडॉक' हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आपल्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतो आणि मार्कडाऊनचं एचटीएमएलच नव्हे, वर्डची फाइलही करून देतो.