वेदनाशामक गोळी आणि दम्याचा झटका : पाऊण शतक न सुटलेले एक कोडे

डोकेदुखीसाठी एक साधी गोळी घेतली जाते. अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत केव्हाही नाक चोंदते, डोळे लाल होतात, छाती आवळते आणि श्वास अडखळू लागतो. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना असा अनुभव कधीच येत नाही. परंतु प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ७ टक्के आणि तीव्र दमा असलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांत ॲस्पिरिन व तिच्या जातकुळीतील औषधे असा झटका आणू शकतात. भारतात दम्याचे रुग्ण तीन कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे ही टक्केवारी दिसते तितकी लहान नाही.

बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ साली शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केले आणि १८९९ मध्ये ते ‘ॲस्पिरिन’ या नावाने बाजारात आले. अवघ्या तीन वर्षांत, १९०२ साली, हिर्शबर्ग या जर्मन वैद्याने ही गोळी घेतल्यानंतर अंगावर आलेल्या सुजेची नोंद केली. पुढे १९२२ मध्ये फ्रान्समध्ये फर्नांद विदाल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तीन लक्षणांची सांगड घातली : दमा, नाकात वाढणारे मांस म्हणजेच पॉलिप, आणि ॲस्पिरिन न सोसणे. ते एवढ्यावर थांबले नाहीत. रुग्णाला मोजून औषध देऊन त्यांनी प्रतिक्रिया तपासली आणि मात्रा क्रमाक्रमाने वाढवत शरीराला त्याची सवयही लावून पाहिली. आज रुग्णालयांत वापरली जाणारी पद्धत बीजरूपाने तेथे आहे. तरीही फ्रेंच भाषेतील तो निबंध इंग्रजी वैद्यकविश्वात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. शिकागोचे मॅक्स सॅम्टर आणि त्यांचे सहकारी बिअर्स यांनी १९६८ मध्ये हेच त्रिकूट सविस्तर मांडले, तेव्हा ते ‘सॅम्टर त्रिकूट’ म्हणून प्रसिद्ध झाले. विदाल यांचे नाव मागे पडले.

दरम्यान सर्वांना चकवणारा प्रश्न वेगळाच होता. ही ॲलर्जी असेल, तर शरीरात त्या विशिष्ट रेणूविरुद्ध प्रतिपिंडे सापडायला हवीत आणि रासायनिक रचना निराळी असलेले औषध निर्धोक ठरायला हवे. प्रत्यक्षात ॲस्पिरिनशी रचनेचे कोणतेही साम्य नसलेल्या इंडोमेथॅसिनसारख्या औषधानेही तोच झटका येई. कुलुपे वेगवेगळी, किल्ल्याही वेगवेगळ्या. पण उघडणारे दार मात्र एकच.

त्या दाराचा पत्ता १९७१ मध्ये लंडनमध्ये लागला. ॲस्पिरिन व तत्सम औषधे सायक्लोऑक्सिजनेज या विकराला रोखतात आणि त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी दाखवले. वेदना आणि सूज कमी होण्याचे कारण हेच. पोलंडमधील क्राकोव्ह येथे आंजेय श्चेक्लिक, व्हेन यांच्यासोबत काम केलेले रिशार्ड ग्रिग्लेव्स्की आणि त्यांच्या सहकारी यांनी ही कल्पना थेट रुग्णांवर ताडून पाहिली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष नेमका होता : प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवणारी औषधे झटका आणतात, न अडवणारी आणत नाहीत. झटका आणणाऱ्यांच्या यादीत मेफेनॅमिक आम्लही होते. मासिक पाळीच्या वेदनांसाठी भारतात आजही सर्रास घेतले जाणारे औषध ते हेच.

पण झटका घडवते कोण? याचे मूळ आणखी मागे, १९३८ सालच्या मेलबर्नमध्ये सापडते. नागाच्या विषाचा गिनीपिगच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो हे अभ्यासताना फेल्डबर्ग आणि केलवे यांना स्नायू सावकाश, पण दीर्घकाळ आकुंचित करणारे एक अनोळखी द्रव्य आढळले. अशा द्रव्याचे रासायनिक रूप उलगडायला चार दशके गेली. स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये या कुळाला ‘ल्युकोट्राईन’ हे नाव दिले. १९८२ चे नोबेल पारितोषिक सॅम्युएलसन, व्हेन आणि सुने बर्गस्ट्रॉम यांना विभागून मिळाले.

आता चित्र जुळते. पेशींच्या पटलातून सुटणाऱ्या ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिनेही बनतात आणि ल्युकोट्राईनेही. त्यांपैकी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे ल्युकोट्राईनवर लगाम ठेवते. या रुग्णांत ल्युकोट्राईनचे उत्पादन मुळातच जास्त असते; गोळीने लगाम सुटला की ते उसळते. श्वासनलिकांचे स्नायू आवळतात आणि अस्तर सुजते. वायू संथपणे वाहत असेल, तर नळीची त्रिज्या निम्मी होताच प्रवाहाला होणारा रोध सोळा पट होतो. थोडेसे आकुंचनही जिवावर का बेतते, ते या गणितातून उमगते.

या ज्ञानातून उपायही निघाले. ल्युकोट्राईनला अडवणारे माँटेलुकास्ट १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच दशकात सायक्लोऑक्सिजनेजचे दोन प्रकार स्पष्ट झाल्यावर केवळ दुसऱ्या प्रकाराला रोखणारी सेलेकॉक्सिबसारखी औषधे आली. बहुतेक रुग्णांना ती सोसतात. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉलही सहसा चालते. हृदयविकारामुळे ॲस्पिरिन अटळ असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीराला तिची सवय लावता येते. स्वतःहून ती बंद करणे किंवा घरी ‘चाचणी’ घेणे, दोन्ही धोक्याचे.

भारतात हा इतिहास औषधाच्या दुकानापाशी येऊन थांबतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन यांच्या गोळ्या अनेकदा चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. काही वेळा त्या पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत दडलेल्या असतात. वेष्टनावरचे मोठे नाव बदलले, म्हणजे धोका बदलला असे होत नाही. खाली बारीक अक्षरांत छापलेले घटकच वाचावे लागतात. प्रौढपणी सुरू झालेला दमा, नाकातील पॉलिप आणि मंदावलेली गंधसंवेदना एकत्र दिसत असतील, किंवा वेदनाशामकानंतर एकदा जरी धाप लागली असेल, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे.

अशा प्रतिक्रियांची नोंद ठेवण्यासाठी २०१० पासून भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात असून डॉक्टरांप्रमाणेच रुग्णही तेथे माहिती कळवू शकतात. विदाल यांची अचूक नोंद साडेचार दशके अडगळीत राहिली आणि तोवर कित्येकांच्या छातीतील घरघरीला कारणच मिळाले नाही. आज नोंद करायला जागा आहे. ती भरणे रुग्ण आणि डॉक्टर यांच्या हाती आहे.