'दांडी' : एका किनारी ग्रामनामाची व्युत्पत्ती

ग्रामनामांची व्युत्पत्ती सांगताना आपल्याकडे दोन वाटा रूढ आहेत. एक, नावामागे देवता अथवा आख्यायिका शोधणे. दुसरी, नावाला संस्कृत वेष चढवून तेच मूळ मानणे. तारापूरच्या दक्षिणेस असलेल्या दांडी ह्या मच्छीमार गावाच्या बाबतीत तिसरी वाट, म्हणजे बोलीतील सामान्यनाम व भूमीचा आकार यांची, अधिक विश्वसनीय ठरते, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम ध्वनींचा विचार करू. संस्कृत 'दण्ड' यापासून मराठी 'दांडा' हे रूप 'मण्डप – मांडव' याप्रमाणे नियमानेच सिद्ध होते. 'दांडी' हे त्याचे लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी रूप होय. जसे सुरा – सुरी. अर्थाच्या बाजूने पाहता, डोंगराच्या लांबट, निमुळत्या सोंडेस आपण आजही 'डोंगराचा दांडा' म्हणतो. समुद्रात किंवा खाडीच्या मुखाशी पुढे सरकलेल्या भूमीस तोच शब्द लागावा, हे स्वाभाविक होय.

कोकणकिनाऱ्यावरील नावांची मांडणी ह्यास पुष्टी देते. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, राजपुरीच्या खाडीवर दंडाराजपुरी, केळव्याच्या खाडीजवळ दांडा, मुंबईत खार-दांडा. 'रेव' म्हणजे भरड वाळू. तेव्हा रेवदंडा हा वाळूचा दांडा असावा.

येथे एक आक्षेप संभवतो. गुजरातीत दीपगृहास 'दीवादांडी' म्हणतात. पालघरचा प्रदेश गुजराती भाषेच्या शेजारचा, आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाने प्रसिद्ध झालेले दांडी नवसारीजवळचे. मग नाव दीपगृहावरून का पडले नसेल? परंतु गुजराती प्रदेशापासून दूर असलेल्या मालवणातही दांडी आहे. तिन्ही ठिकाणांस समान असा दुवा किनारा हाच होय. मालवणात दांडेश्वराचे देवालयही आहे. तेथे देवावरून स्थळास नाव मिळाले असे म्हणण्यापेक्षा स्थळावरून देवास मिळाले असे म्हणणे सयुक्तिक वाटते.

संस्कृत रूपांविषयी सावध का राहावे, याचे उदाहरण जवळच चिंचणीस सापडले. तेथील शके 848 (इ.स. 926) च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संयान, म्हणजे संजाण, येथील ताजिक अधिकाऱ्याचे नाव 'मधुमति' असे येते. ते 'मुहम्मद' ह्या नावाचे संस्कृतीकरण होय, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. ज्या लेखकांनी माणसाच्या नावास असा वेष चढविला, त्यांनी गावाच्या नावास तो चढविला नसेल असे कसे मानावे?

ह्या विवेचनास आज निकड आहे. भूमीवरून पडलेले नाव भूमी बदलली की निरर्थक होते. तारापूर अणुविद्युत् केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलविली गेली. नावे सोबत गेली, त्यांचा मूळ परिसर मागे राहिला. उत्तरेस वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली असून त्यासाठी समुद्रात भराव घालावयाचा आहे. किनाऱ्याचे आजचे रूप पालटण्यापूर्वी खडक, वाळूपट्टे, खाड्यांची वळणे यांना मच्छीमार ज्या नावांनी ओळखतात, ती त्यांच्याच उच्चारांत व नकाशावर जागेसह नोंदविली पाहिजेत. 'दांडी'चा अर्थ लावता आला, कारण शब्द आणि जमीन हे दोन्ही पुरावे उपलब्ध होते. पुढील अभ्यासकांना ते दोन्ही मिळावेत, हे आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे.