व्हॉल्व्ह, वॉट आणि आपली गल्ली

मंडळी, राजारामपुरीत ॲम्प्लिफायर म्हटलं की आधी गणपतीची आगमन मिरवणूक आठवते. छातीत धडधड, खिडक्यांच्या काचा थरथरतायत. आज आपण बोलणार आहोत ते त्याच यंत्राच्या धाकट्या भावाबद्दल, म्हणजे घरात गिटारला जोडायच्या ॲम्पबद्दल.

कॉलेजात असताना आम्ही जुना ५० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प गल्लीत आणला. आवाजाचं बटण २ वर ठेवलं की तो सर्दी झाल्यासारखा बोलायचा. ४ वर सुरेख, पण ४ वर शेजारच्या काकू दारात. त्यांच्या मुलाची दहावी होती. "जरा बारीक कर की रं," एवढंच म्हणायच्या. त्यांचं चुकत नव्हतं. आम्हीच चुकीच्या काळातलं यंत्र घरी आणलं होतं.

ते कसं, बघा. १९३० च्या दशकात बँडमधल्या ट्रम्पेटपुढं गिटार ऐकूच येईना, म्हणून तिला वीज जोडली. सुरुवातीचे ॲम्प लहानच होते. व्हॉल्व्हला क्षमतेबाहेर ताणलं की लहरींचे शेंडे चेपले जातात आणि मूळ स्वराभोवती उपस्वर दाटतात. तांत्रिक भाषेत हा दोष, पण वादक त्या दोषाच्याच प्रेमात पडले. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली फेंडरच्या 'बासमन'वर बेतलेला ॲम्प तयार झाला. पुढं 'द हू'च्या वादकांना तोही कमी पडला आणि १९६५ मध्ये १०० वॉटचा आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स १०० वॉटचे व्हॉक्स घेऊन ५५ हजार लोकांपुढं उभे राहिले, तरी किंकाळ्यांत गाणं बुडालं. तेव्हा सभागृहाची ध्वनियंत्रणा दुबळी असायची, गिटारचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ॲम्पनंच पोचवायचा. नंतर ॲम्पसमोर माइक लागला, ती गरज संपली. मोठे ॲम्प मात्र रुबाब म्हणून उरले.

आता वॉटचा हिशेब. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. म्हणजे ५० ऐवजी ५ वॉटचा घेतला तर आवाज निम्माच होतो! १२ इंची गिटार स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर, ९५ ते १०० डेसिबल देतो. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ आहे. त्यामुळं "कमी वॉटचा घे" हा सल्ला अर्धाच खरा.

उरलेलं अर्धं आपल्याला मिरजेत सापडतं. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की हळू छेडलेली तारसुद्धा उपस्वरांनी भरून येते. भरीवपणाला मोठा आवाज लागतोच असं नाही, हे आपल्या कारागिरांना कधीचं ठाऊक आहे. ॲम्पवाल्यांना ते उमगायला १९७० चं दशक उजाडलं. मग मास्टर व्हॉल्यूम आला: व्हॉल्व्हचा पुढचा टप्पा ताणायचा आणि शेवटचा आवाज वेगळ्या बटणानं आवरायचा. बोस्टन बँडच्या टॉम शोल्झनं १९८२ मध्ये हेडफोनवर वाजणारा 'रॉकमन' काढला. १९९८ च्या 'पॉड'मध्ये तर व्हॉल्व्हच नाही, त्याची नक्कल गणितानं केलेली. जाणकार नाकं मुरडतात. आमच्या मते, रात्री अकराला गल्लीत वाजवायचं असेल तर नाकं मुरडू नयेत.

एक गोष्ट कानाचीही आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाज लहान झाला की आपल्या कानाला खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. तेव्हा लहान आवाजात ॲम्प पातळ वाटला तर लगेच त्याला नावं ठेवू नका, खर्जाचं बटण थोडं वाढवा.

दुकानात स्वतःची गिटार न्या. विक्रेता आवाज वाढवून दाखवेल, कारण मोठ्या आवाजात सगळेच ॲम्प गोड लागतात. तुम्ही तो शेजारी कुणी बोललं तर ऐकू येईल इतका खाली आणा आणि तिथं पसंत पडला तरच पैसे काढा. हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, तेही बघा. आणि घरी ॲम्प फरशीवर ठेवू नका, स्लॅबमधून खर्ज थेट खालच्या मजल्यावर उतरतो. खुर्चीवर ठेवा, तोंड आपल्या कानाकडं.