दप्तर कुणाचे आणि पुरावा कुणाचा?

मुंबई-कलकत्त्याच्या जुन्या डिरेक्टऱ्या आज संगणकावर घरबसल्या वाचता येतात. थॅकरची डिरेक्टरी उघडली की साहेब, वकील, व्यापारी आणि पेढ्या यांची नावे ओळीने सापडतात. त्या साहेबांचे वंशज तीवरून आपली कुळे जुळवतात. पण ज्यांना गावकुसाच्या आत घरच नव्हते, त्यांनी आपला आजा कोणत्या पानावर शोधायचा?

मुदखेडच्या महारवाड्या-मांगवाड्याचा माग अशा डिरेक्टरीत लागणार नाही. १८८१ पासून हैदराबाद संस्थानात जनगणना झाली. तिच्या छापील अहवालांत जातींचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. नावासाठी खासरा पाहणी पत्रक, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर धुंडाळावे लागते. १८८४ च्या सुमारास निजामाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे १९४८ पूर्वीचे बरेचसे दप्तर उर्दूत आहे. शोधताना हेही ध्यानात ठेवावे की महाराची नोंद 'धेड' या हिणकस नावानेही केलेली असू शकते.

हा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याला जमीन मिळाली नाही, त्याचा सातबारा कुठून येणार? ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याचा निर्गम उतारा कोण देणार? म्हणजे ज्या वंचनेवर उपाय म्हणून सवलत आली, तीच वंचना पुराव्याच्या आड येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली गेली, उर्दू-मोडी जाणणारे शोधले गेले, सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. शासनाने मनावर घेतले तर बंद दप्तर उघडते, हे यातून सिद्ध झाले. मग तीच पाने उलटताना महार, मांग, चांभार, ढोर यांच्या नोंदी का टिपू नयेत? एका जातीपुरती पाने न निवडता संपूर्ण दप्तराच्या प्रतिमा सर्वांना खुल्या कराव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.

आणि आपल्या विद्यार्थ्यांनी उर्दू व मोडी शिकली पाहिजे. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या दप्तरावर आपण किती काळ विसंबणार?