मेणवलीची घंटा आणि सिएनाचे देवदूत

वाईजवळ मेणवलीला गेलं की बहुतेक जण घाटाच्या पायऱ्यांवर फोटो काढतात ('स्वदेस'चं शूटिंग इथलंच), मेणेश्वराजवळची मोठी घंटा बघतात आणि निघतात. पुढच्या वेळी त्या घंटेजवळ जरा थांबा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक गेली, ही नाना फडणीसांच्या मेणवलीत आली.

आई आणि मूल हे चित्र मुळात चर्चच्या वेदीवरचं. मध्ययुगात इटलीत लाकडी फळीवर खळ आणि चुन्यासारखा पांढरा लेप द्यायचे, त्यावर सोन्याचा वर्ख, मग अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. मधोमध मेरी, भोवती पंखवाले देवदूत. आपल्या लेण्यांतले गंधर्व पंखांशिवायच उडतात, तिकडच्यांना मात्र पंख लागले! सिएना शहरात दुच्चो नावाच्या चित्रकाराने असंच एक भलंमोठं चित्र केलं. त्यात देवदूत मेरीच्या सिंहासनाच्या पाठीवर हात टेकून उभे आहेत, घरातलीच माणसं वाटावीत असे. ९ जून १३११ ला दुकानं बंद ठेवून, घंटा वाजवत लोकांनी ते मिरवत कॅथेड्रलमध्ये नेलं. आपल्याकडची पालखीच म्हणा ना.

आणि १७७१ मध्ये त्याच गावाने ते करवतीने कापलं. काही तुकडे आज लंडन, वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहेत.

आमच्या सातारा-मिरजेकडची जुनी चर्चेस बहुतेक अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनची, त्यामुळे भिंती साध्या. देवदूतांची चित्रं तिथे शोधू नका. वेदीवरच्या त्या परंपरेची खूण आपल्याकडे आहे ती महादेवाच्या दारात.

हल्ली या घंटेवरून दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरतात. एकात नुसता विजयाचा जयघोष, दुसऱ्यात नुसती लूट. माझ्या मते दोन्ही अर्धवट. विजयचिन्ह तर ती आहेच, ते लपवायचं कारण नाही. पण त्या काळी घंटेचा धातू वितळवून तोफा ओतता येत होत्या. इथे ती वितळवली नाही आणि मेरीची आकृतीही घासून काढली नाही. सिएनाच्या लोकांनी स्वतःच्या देवदूतांवर करवत चालवली त्याच शतकात मेणवलीकरांनी परक्यांची आई जशीच्या तशी टांगली.